लिनक्स मिंट : घरी दीड वर्ष, ताईच्या शाळेत एक वर्ष, आणि फॉरमॅटवाल्याचे वाचलेले पाचशे रुपये

आधीच सांगतो, मी आयटीवाला नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत कामाला आहे, तिथलं सॉफ्टवेअर येतं तेवढंच येतं, आणि घरी एक 2014 चा लॅपटॉप आहे, आय-थ्री चौथ्या पिढीचा, 4 जीबी रॅम आणि ती जुनी फिरणारी हार्डडिस्क. विंडोज 10 वर तो इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी चहा टाकायचो आणि चहा पिऊन आलो तरी ते ठिपके आपले गोल गोल फिरतच असायचे. त्यात वरून मेसेज यायला लागले की तुमचा पीसी विंडोज 11 ला चालणार नाही, का तर टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर पाहिजे. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार हे तर जाहीरच होतं. म्हणजे स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, बिजागऱ्या सुद्धा शाबूत, आणि लॅपटॉप मात्र भंगारात. मला काय ते पटेना.

म्हणून 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट 22 टाकलं. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम, तिचा आतला गाभा 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या कॉलेजच्या पोरानं लिहायला घेतला, आणि तो कुणालाही घेऊन बदलायला मोकळा असल्यामुळे त्यावर लोकांनी आपापले संसार थाटले. त्या प्रत्येक संसाराला डिस्ट्रो म्हणतात. मिंट हा त्यातला 2006 पासूनचा, उबुंटू नावाच्या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतलेला, आणि दिसायला आपल्या जुन्या विंडोज 7 च्या जवळचा, खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणून निवडला. पैसे शून्य. 22 च्या सगळ्या व्हर्जनना 2029 पर्यंत अपडेट आहेत.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी वापरून बघता येतं. फाइल तीनेक जीबीची, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्याच्यावरनंच चालू करायचा, हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, सगळं तासभर बघून घेतलं. चुलतभावाच्या लॅपटॉपवर असंच बघितलं तर वायफायच दिसेना, त्याला यूएसबीनं मोबाइलचं नेट देऊन ड्रायव्हर मॅनेजर उघडल्यावर ड्रायव्हर, म्हणजे ते वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, सापडला, पण निदान टाकायच्या आधी कळलं तरी.

सोबत 240 जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, मला तेव्हा सतराशेला पडली. खरं बोलायचं तर वेगातला निम्मा फरक त्या एसएसडीचा आहे, लिनक्सचे भक्त हे सांगत नाहीत, पण आहे. जुनी हार्डडिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डिस्क ठेवायच्या चौकटीत, बसवली, म्हणजे जुनं विंडोज पण राहिलं आणि चालू करताना विचारतं कुठं जायचं. आता पंचवीसेक सेकंदात डेस्कटॉप येतो.

पहिला गोंधळ आठवड्याभरातच झाला. बायको आठवी-नववीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, रविवारी साडेदहाची बॅच, तिनं सवयीनं विंडोज चालू केलं आणि लॅपटॉपवर पहाटेचे पाच. "तू काय करून ठेवलंयस याला?" मला पण कळेना, परत लिनक्समध्ये गेलो तर घड्याळ बरोबर. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक! मग ट्यूब पेटली, लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनविचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवून दाखवतं, विंडोज मात्र आतली वेळ हीच आपली वेळ धरून चालतं. एका ओळीची कमांड आहे, ती मारली की दोघांचं जमतं. हे इन्स्टॉल करतानाच का विचारत नाहीत देव जाणे. दुसरं म्हणजे विंडोजची डी ड्राइव्ह लिनक्समधनं नुसती वाचता यायची, त्यात काही सेव्ह होईना, ते विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (त्यानं विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं) बंद केल्यावर सुटलं. एवढं सोडलं तर घरी काही अडलं नाही. युट्यूब, बँकेच्या साइट, गूगल मीट, बालभारतीच्या पुस्तकांचे पीडीएफ, सगळं ब्राउजरमध्येच तर असतं आजकाल. अपडेट आले की खाली छोटं चिन्ह येतं, पाहिजे तेव्हा करा, चालू क्लासमध्ये आपणहून रिस्टार्ट मारत नाही. बायकोनं दोन महिन्यांनी विंडोज उघडायचं बंद केलं, मी सांगितलं नव्हतं.

मराठी टायपिंगबद्दल बरेच जण विचारतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे आणि ज्याला आवाजाप्रमाणे टाइप करायचंय त्याच्यासाठी कगप फोनेटिक म्हणून आहे, वेगळं काही उतरवायला लागत नाही. हे सगळं मी त्याच्यावरच टाइप करतोय.

आता शाळेचं, खरं म्हणजे रिव्ह्यू लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

माझी ताई तालुक्याच्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते आणि कॉम्प्युटरचा तास पण तिच्याच गळ्यात. लॅबमध्ये आमदार फंडातनं आलेले 14 पीसी, ड्युअल कोर, 2 जीबी रॅम, सगळ्यांवर क्रॅक केलेलं विंडोज 7, कोपऱ्यात कायम ती पाटी की ही कॉपी ओरिजिनल नाही. वर प्लास्टिकची कव्हरं, दाराला कुलूप आणि किल्ली शिपाईमामांकडे. कुलूप का, तर बिघडायला नको. बिघडलं की तालुक्यातनं एक पोरगा यायचा आणि फॉरमॅट मारायचे मशीनमागे पाचशे घ्यायचा, तेच क्रॅक विंडोज, तोच महिनाभराचा अँटीव्हायरस, सहा महिन्यांत परत तेच रडगाणं. शाळेकडे त्यासाठी वेगळा पैसा नाही, मग सोपा उपाय म्हणजे मुलांना हातच लावू द्यायचा नाही. ताई फळ्यावर खडूनं मॉनिटर, सीपीयू, माऊस काढायची आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. हे 2025 मध्ये बरं का.

मी तिला म्हणलं, मिंट टाकू. ती म्हणाली, "अरे पण मुलांना उद्या बाहेर विंडोजच लागणार ना, एमएस-सीआयटीला पण तेच, मग हे शिकून काय उपयोग?"

"ताई, आत्ता ती काय शिकतायत? खडूचा माऊस."

यावर ती हसली पण हेडसर हसले नाहीत, त्यांना वाटलं हे काहीतरी हॅकिंगचं प्रकरण आहे. मग मी केरळचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारनं 2001 साली आयटी अ‍ॅट स्कूल नावाचं काम सुरू केलं, आज त्याचं नाव काईट, आणि तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्सच चालतं, दहावीची आयटीची परीक्षा सुद्धा त्याच्यावरच, शाळांसाठी ते स्वतःची उबुंटूवर बेतलेली सिस्टिम काढतात. तिथली पोरं काय नोकऱ्यांवाचून राहिली नाहीत, म्हणलं. आपल्याकडे पण हे काही नवीन नाही, कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत 2007 साली एक्सओ नावाचे मुलांसाठीचे छोटे, स्वस्त, हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, त्यात लिनक्सच होतं. सर म्हणाले बघा काय ते, पण ऑफिसच्या पीसीला हात लावायचा नाही. बरं.

जून 2025 मध्ये दोन शनिवार सकाळची शाळा सुटल्यावर बसलो. 14 पैकी 3 मशीन मेलेलीच होती, त्यांचे रॅम काढले, पीसी सगळे एकाच मॉडेलचे असल्यामुळे ते बाकीच्यात बसले, पण 11 पैकी तिघांचेच 4 जीबी झाले, बाकी 2 वरच. त्यावर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, ती हलकी आहे. मशीनमागे साधारण अर्धा तास, हार्डडिस्क जुनी म्हणून. एक खरं सांगतो, 2 जीबीवर मिंट चालतं पण त्यावर ब्राउजरमध्ये चार टॅब उघडले की हाश हुश करायला लागतं. कुणी शाळेला देणगी देणार असेल तर नवीन पीसी नको, रॅम आणि एसएसडी द्या.

मुलांसाठी पासवर्ड वगैरे ठेवलाच नाही, लॉगिनच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, पोरानं त्यात काहीही करावं, वॉलपेपरला हिरोचा फोटो लावावा, आयकॉन उडवावेत, लॉगआउट झालं की सगळं पुसून पाटी कोरी. आधी प्रत्येक तासाला ताईचा निम्मा वेळ "कोणी केलं रे हे" यातच जायचा. शिवाय टाइमशिफ्ट म्हणून एक प्रोग्रॅम मिंटमध्येच येतो, त्यानं सिस्टिमची आजची प्रत ठेवायची, काही बिघडलं की त्या दिवसावर परत जायचं.

तरी बिघडलंच. ऑगस्टात पावसानं लाइट ये-जा करत होती, यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या गेलेल्या, आणि सात नंबरचं मशीन चालू केलं की काळी स्क्रीन आणि पांढरी इंग्लिश अक्षरं. ताईचा फोन, मी काउंटरवर, समोर एक आजोबा एफडीची पावती घेऊन उभे. व्हिडिओ कॉलवर तिनं स्क्रीन दाखवली, डिस्क तपासायची कमांड टाइप करायला सांगितली, एक एक अक्षर, मधे स्पेस, परत नाही दाबलंस ताई, स्पेस दाब, असं करत पाच मिनिटांत मशीन चालू. आजोबा म्हणाले, डॉक्टर आहेत का तुम्ही. ताईनं ती कमांड कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून लॅबच्या भिंतीवर लावली, स्पेसच्या जागी लाल पेननं चौकोन काढून. ऑक्टोबरात परत झालं तेव्हा नववीच्या एका मुलीनं ते कार्डशीट बघून स्वतःच केलं, मला दिवाळीत कळलं. आणि जानेवारीत एका मशीनची सिस्टिमच पार गेली तेव्हा ताईनं पेनड्राइव्ह लावून नव्यानं इन्स्टॉल केलं, मला फोन पण नाही. फॉरमॅटवाला पोरगा वर्षभरात एकदाही आलेला नाही आणि कुलूप आता फक्त शाळा सुटल्यावर लागतं.

मला विचाराल तर घरी आणि शाळेत लिनक्स घ्यायचं ते यासाठी. फुकट तर क्रॅक विंडोज पण होतंच की! पण ते दुरुस्त करणारा दुसराच कोणीतरी असायचा, तो येईपर्यंत मशीन आणि मुलं दोन्ही बसून.

आत काय काय आहे ते थोडं सांगतो. पाचवीच्या मुलांसाठी जीकाँप्री, त्यात माऊस धरायला शिकण्यापासून ते बेरीज, घड्याळ, बुद्धिबळापर्यंत शंभराच्यावर छोटे खेळ आहेत, फ्रेंचमध्ये त्या नावाचा उच्चार 'मला समजलं' असा होतो म्हणे. हा दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, सातवीच्या पोरांनी दोन दिवसांत नाकं मुरडली. टक्स पेंट मात्र सगळ्यांना आवडतं, अगदी दहावीच्या पण, फक्त त्यातल्या ब्रशना आवाज आहेत, अकरा मशीनवर एकदम चालू झालं की शेजारच्या वर्गातले सर दार वाजवतात, आवाज आधी बंद करून ठेवा. गणिताच्या मॅडम जिओजेब्रा वापरायला लागल्या, त्रिकोणाचा शिरोबिंदू माऊसनं ओढला की कोन बदलतात पण बेरीज 180 च राहते, हे फळ्यावर कसं दाखवणार.

आणि स्टेलॅरियम. याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. आपलं गाव निवडायचं, तारीख-वेळ टाकायची, त्या वेळचं आकाश समोर येतं, नेट लागत नाही. ताईनं डिसेंबरात मृग नक्षत्र पूर्वेला कधी वर येतं ते मुलांना लॅबमध्ये दाखवलं, त्यातले तीन तारे एका रेषेत, आणि सांगितलं आज जेवण झाल्यावर अंगणात जाऊन बघा. दुसऱ्या दिवशी एक पोरगा येऊन म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरमधलं आमच्या गोठ्यावर आलं होतं." ताई ही गोष्ट प्रत्येकाला सांगते, मी चौथ्यांदा ऐकली तरी आवडते.

शिक्षकांना शिकायचं असेल तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिनक्स, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखंच, पण फुकट), अगदी कमांडपर्यंत, आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. बोलण्याची पद्धत जरा रटाळ आहे, पण थांबवून थांबवून करता येतं.

एक गंमत सांगतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की त्यात तो शॉर्टकट व्हायरस ठरलेला, सगळे फोल्डर गायब आणि त्या जागी बाणवाले शॉर्टकट. मिंटमध्ये तोच पेनड्राइव्ह लावला तर लपवलेले खरे फोल्डर पण दिसतात आणि ते बाणवाले पण दिसतात, विंडोजसाठी बनवलेल्या त्या शॉर्टकटचं इथं काही चालत नाही. बाणवाले उडवायचे, संपलं. लिनक्सला व्हायरस येतच नाही असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, फसवे मेसेज आणि खोट्या साइट इथंही तितक्याच, पण पेनड्राइव्हची ही कटकट गेली.

आता तक्रारी, कारण आहेत आणि मोठ्या आहेत. पहिली प्रिंटर. शाळेत एक छोटा पांढरा लेझर प्रिंटर आहे, दर दुसऱ्या झेरॉक्सवाल्याकडे दिसतो तोच, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना मी दोन रविवार घालवले, बसला, एक पान छापलं आणि परत गप्प. सोडून दिला. एचपीचा माझ्या घरचा प्रिंटर मात्र वायर लावल्या लावल्या चालला, त्यामुळे प्रिंटर आधी बघा मग ठरवा.

दुसरी, जुन्या प्रश्नपत्रिका. आधीच्या सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, उघडल्या की नुसता इंग्लिश अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा. फॉन्टची फाइल आणून टाकली की दिसतात, पण दुरुस्ती करायची तर ते टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त विंडोजवर. वर्डमध्ये केलेली फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की तीन पानांची साडेतीन होते, तक्ते सरकतात. मुलांच्या कामाला चालतं, शिक्षणाधिकारी कार्यालयाला पाठवायच्या तक्त्याला नाही चालत. सरल आणि यू-डायस या शाळेची माहिती भरायच्या सरकारी साइटचं काम ब्राउजरमध्ये होतं, ते जमलं. टॅली नाही चालत. डिजिटल सहीचं ते यूएसबी टोकन मी पतसंस्थेच्या एका कामासाठी घरी लावून बघितलं, नाही जमलं, हात टेकले.

तिसरी, नेट. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं तर बहुतेक वेळा नेटवरनं उतरतं, आणि अकरा मशीन म्हणजे तेच अकरा वेळा. माझा दिवसाचा दीड जीबी पहिल्या तासातच उडाला, ताईचा दुसऱ्या. नेट नसलेल्या शाळेत सगळं एका मशीनवर तयार करून बाकीच्यांवर त्याची नक्कल उतरवा, आम्हाला ही अक्कल नवव्या मशीनला आली.

आणि भाचा. त्याला व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम पाहिजे, तो लिनक्सवर चालत नाही, त्यांचं फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ गेम चालतात असं मी त्याला समजावलं, त्यानं माझ्याकडे मी त्याला गोट्या खेळायला सांगितल्यासारखं बघितलं. घरात असा कोणी असेल तर दोन्ही सिस्टिम ठेवा आणि शांत राहा.

मार्क द्यायचे तर घरासाठी पाचपैकी साडेचार, शाळेच्या लॅबला पण साडेचार, अर्धा त्या नेटच्या कटकटीचा कापला. शाळेच्या ऑफिसला दोन, आणि तेही दिलदारपणे. तिथले क्लार्क भाऊसाहेब अजून विंडोजवरच आहेत आणि त्यांचा पीसी बदलायचा विषय मी पण काढत नाही. फक्त झेरॉक्सच्या दुकानातनं आले की ते आधी लॅबमध्ये येतात आणि पेनड्राइव्ह पुढं करतात, "मॅडम, तुमच्या त्या मशीनवर जरा तेवढे बाण काढून द्या."